पाणबुड्याच्या अंकांना लाल पुठ्ठा

चुडावा, जि. परभणी
जून १९७६

जिंतूरला किशनराव भावजींना चुडाव्याहून मालनवहिनीचा मनापासून जय भीम. आम्ही दोघी मायलेकी बऱ्या आहोत, माझा गुडघा सोडून. तो सध्या फक्त बसायचं काम करतो. कुसुमबाईंचा खोकला गेला का? मागे मी अडुळशाचा पाला पाठवला होता, तो त्यांनी दाराशी टाकला आणि शेजारच्या बकरीनेही त्याला तोंड लावलं नाही असं ऐकलं. (बकरी अडुळसा खात नाही हे मलाही ठाऊक आहे. पण बकरीला खोकलाही नव्हता. कुसुमबाईंना सांगा, मधातून घ्या, मला राग नाही.) तुमच्या शाळेचं छप्पर पावसाआधी झालं असेल अशी आशा करते.

तुम्ही पाठवलेले बन्सीधरजी येऊन गेले. त्यांनी तुम्हाला कार्ड टाकलं असेल आणि सगळं छान झालं एवढंच लिहिलं असेल. माणूस इतका भला आहे की बाकीचं तो लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. तुम्ही शाळेची सहल घेऊन हैदराबादला जाता काय, जुन्या पुस्तकांच्या बाजारात पोरं हरवता काय, आणि पोरं शोधता शोधता तुम्हाला चित्रकथांचे जुने अंक जमवणारा म्हातारा सापडतो काय. (पोरंही सापडली हे नंतर वाचलं तेव्हा जिवात जीव आला.) सुमन मॅट्रिक झाली, तिला औरंगाबादच्या कॉलेजात जायचं आहे, होस्टेलात राहायचं आहे, आणि माझ्या घरात विकण्याजोगं काही असेल तर तुमच्या भावाची ती एक ट्रंक. विकायचं मीच ठरवलं, तुम्ही नुसतं गिऱ्हाईक दिलंत. कुणी विचारलं तर मी असंच सांगते.

तुमच्या भावाची अंकांवरची माया तुम्ही पाहिलेली आहे, पण तुम्ही सुट्टीत यायचे. मी रोज पाहिली. स्टेशनावर पॉइंट्समनची ड्यूटी संपली की कंदील ठेवायचा, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, धोतराला न पुसता वाऱ्यावर वाळवायचे आणि मग ट्रंक उघडायची. सुमन जन्मली तेव्हा तिला त्यांनी तसंच उचललं होतं, हाताला रूळांचं तेल होतं. मी बोलले तर म्हणाले, पोरगी धुता येते. ट्रंक विटांवर, आत कडुनिंबाचा पाला, अंकांच्या मधे कोरा कागद. संध्याकाळची पॅसेंजर गेली की फलाटावरच्या बाकावर बसून ते अंक वाचून दाखवायचे, प्रत्येक अंक असा धरायचा की जणू काठोकाठ भरलेलं ताट आहे. थुंकी लावून पान उलटायचं नाही, ही पहिली अट. बानूबाईला तंबाखू खाऊन जवळ बसायची मनाई होती, त्यामुळे ती पाण्याच्या टाकीपाशी बसायची आणि तिथूनच, मेला का तो, असं ओरडून विचारायची.

तो म्हणजे भैरू पाणबुड्या. समुद्राच्या तळाशी जाऊन बुडालेली जहाजं शोधायची, चोरांना पाण्यात धरायचं, असा त्याचा उद्योग. आमच्यातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नाही. आमचं सगळ्यात खोल पाणी म्हणजे धोंडीबाची विहीर, आणि तीही उन्हाळ्यात तळाचे दगड दाखवते. पण भैरूची हवेची नळी कुठे अडकते, कुठे पिळते, हे इथल्या मेंढ्या राखणाऱ्या माणसांनाही तोंडपाठ होतं. मी वाचायला शिकले ती याच अंकांवर. अक्षरओळख कुणी करून दिली नाही. चित्र पाहायचं, माणसाच्या तोंडातून निघालेला फुगा पाहायचा आणि आत काय असेल ते ताडायचं. जन्मात मी वाचलेला पहिला शब्द म्हणजे ‘धडाम’. त्यानंतर ‘वाचवा’, मग ‘अरे बापरे’. बराच काळ मला फक्त संकटात सापडलेल्या माणसाची भाषा वाचता येत होती. तुमचे भाऊ म्हणायचे, तेवढी आली तरी पुष्कळ झालं, बाकीची हळूहळू येईल. आली. आता तुमची पत्रंसुद्धा वाचते, आणि तुमचं अक्षर पाहता ती काही सोपी गोष्ट नाही.

आता माझं शहाणपण ऐका. तुमचं पत्र आलं की हैदराबादचे गृहस्थ महिनाअखेर येतात, संग्रह नीट काढून ठेवा. मी म्हटलं, एवढ्या लांबून माणूस येणार, त्याच्यासमोर तुमच्या भावाची पुस्तकं अशी उघडीबोडकी कशी ठेवायची? आपल्या घरात पुस्तकाला मान द्यायचा तर पुठ्ठा चढवायचा, हेच मी पाहत आले. शाळा सुरू झाली की आधी खळ शिजवायची, मग पोळी. फळीवरचे मोठे ग्रंथ तुमच्या भावाने स्वतः उपाशी राहून बांधून घेतलेले. मग यांचंच का राहावं? धोंडीबाला बरोबर घेतलं, ट्रंक पॅसेंजरमधे चढवली आणि परभणीला रंगनाथ बाइंडरकडे नेऊन उतरवली. रंगनाथ कामाचा पक्का. वर्षवार गठ्ठे लावले, जाड दोऱ्याने शिवले, मशीनवर तिन्ही बाजूंनी कापून कडा सारख्या केल्या, वर लाल रेक्झिन, आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘सिताराम यांचा संग्रह’. वरची रंगीत मुखपृष्ठं शिवणीत नीट बसेनात म्हणून त्याने ती काढून टाकली. मला ते सगळे खंड परत मिळाले तेव्हा मी त्या नावावरून बोट फिरवत परभणी ते चुडावा आले. कोर्टातल्या वकिलांकडे असतात तसे दिसत होते. धोंडीबा म्हणाला, सितारामभाऊ असते तर आता तुला नमस्कार केला असता.

बन्सीधरजी दुपारच्या गाडीने आले. पांढरा लेंगा, काळी टोपी, काखेत पिशवी. सिकंदराबादला त्यांचं दोऱ्याचं दुकान होतं, आता मुलं बघतात. चहाआधी त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं आणि भावजी, त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि वाऱ्यावर वाळवले. मला क्षणभर आत जावं लागलं. बाहेर आले तेव्हा त्यांनी पिशवीतून पांढरं फडकं काढून चटईवर अंथरलं होतं, भिंग हातात घेतलं होतं, आणि निम्मं गाव दाराशी उभं होतं. मी पहिला लाल खंड त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बाजूला सरकवला आणि नम्रपणे विचारलं की अंक कुठे आहेत. मी म्हटलं, हेच. त्यांनी उघडला. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मशीनने कडा कापल्यामुळे काही पानांवर भैरूला डोकं उरलेलं नव्हतं, आणि समुद्रातल्या त्या आठ हातांच्या प्राण्याला सहाच राहिले होते. त्यांनी भिंग खाली ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, कामाची कदर आहे माणसाला.

मुखपृष्ठांचं काय झालं, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. मी सांगितलं की आहेत, सगळी आहेत, रंगनाथच्या दुकानाच्या भिंतीवर. ते एकदम सरसावून बसले. कशाने लावली आहेत? मी म्हटलं, खळीने. ते पुन्हा मागे टेकले. धोंडीबाला वाटलं पाहुण्याला बांधणीची शंका आहे, म्हणून तो पुढे झाला. “साहेब, काळजी करू नका. लय मजबूत हाय. बैलानं वढलं तरी निघायचं न्हाई.” बन्सीधरजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बाईजी, दुल्हन के हाथ-पाँव काट को संदूक में बंद करे, और बोलते के संदूक मज़बूत है.” असं म्हणून ते स्वतःच हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. (बानूबाईने पाठीवर मारून तो घालवला. तिला दुसऱ्याची पाठ दिसली की पुरे.) मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि तेही असं की मला लाज वाटू नये. जमवणाऱ्याला अंक छापखान्यातून निघाला तसा हवा असतो. कागद, टाचणी, कडा, सगळं जसंच्या तसं. वीस वर्षं कुणी एवढं जपून वापरलेले अंक त्यांनी क्वचित पाहिले होते, पानांचा पांढरेपणाच सांगतो म्हणाले, पण आता ते घेता येणार नाहीत. हे वाचायला ठेवा, म्हणाले. सुमन दारात उभी होती. ती चहाची कपबशी उचलून आत गेली. 

तेव्हा मला माझ्या पेटीतले ते पाच अंक आठवले असं लिहीन तर खोटं होईल. ते मी विसरलेच नव्हते. ते कुणाला दाखवायचे नव्हते. तुमच्या भावाने त्या दुष्काळाच्या साली वर्षाची वर्गणी आगाऊ भरली होती. शेवटचा जो अंक त्यांनी वाचला त्यात भैरू तळाशी, आठ हातांच्या प्राण्याने धरलेला, आणि चोराने वरून हवेची नळी कापलेली. उरलेलं पुढच्या अंकी. मग ते काविळीने पडले. दवाखान्यात दोनदा मला विचारलं, अंक आला का. ते गेले, आणि अंक आला तो त्यांच्या पुण्यानुमोदनानंतरच्या आठवड्यात, त्यांच्या नावाने, कागदाच्या वेष्टनात. ज्याचं नाव त्याने फोडायचा, म्हणून मी तो तसाच पेटीत ठेवला. वर्ष संपेपर्यंत येत राहिले, मी ठेवत राहिले, आणि मग ते मासिकच बंद पडलं. पेटीत माझं लग्नाचं लुगडं आहे, त्याखाली. ते पाचही काढून मी पांढऱ्या फडक्यावर ठेवले.

बन्सीधरजींनी त्यांना हातसुद्धा लावला नाही. नुसते वाकून भिंगातून पाहत होते. भावजी, आता या माणसाचा मोठेपणा बघा. त्याने नुसतं ‘ठीक आहे’ म्हटलं असतं तर मी चहापाण्याच्या भावात देऊन मोकळी झाले असते. पण त्याने सगळं उघड सांगितलं. शेवटचे अंक फार थोडे छापले होते; न फोडलेले तर त्यांनी आजवर पाहिलेच नाहीत; सुमनच्या सगळ्या शिक्षणाला पुरेल एवढं ते देतील. पण फोडले की ती किंमत गेली. आणि मग म्हणाले की हे तुमच्या मालकाच्या नावाने आलेले आहेत, फोडायचे की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मला घाई नाही. मी विचारलं, तुम्ही तरी फोडून वाचणार का? ते म्हणाले, आपण मराठी वाचत नाही, आणि फोडायचा तर प्रश्नच नाही, काचेच्या कपाटात ठेवणार. एवढं बोलून ते उठले, लोकांनाही उठवलं आणि फलाटावरच्या बाकावर जाऊन बसले.

घरात आम्ही दोघीच उरलो. मी पहिलं वेष्टन उजेडाकडे धरून पाहिलं. आतलं काही दिसत नाही, नुसता निळा रंग. सुमन म्हणाली, “आई, एक फोड. काय व्हतंय? मी पुढल्या साली जाईन.”

मी म्हटलं, “तू जा. तो चार वर्षं पाण्याखाली हाय, आणखी राहील.”

तिला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि मग तिनेच ते पाच अंक धुतलेल्या पांढऱ्या ओढणीत बांधले. बन्सीधरजी ते मांडीवर घेऊन गाडीत बसले. पिशवी वर टाकली, टोपी बाकावर ठेवली, पण ते बोचकं हातातून सोडलं नाही. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून मला हात जोडले. आपल्या माणसाची वस्तू कुणाकडे जावी असं कुणी विचारलं असतं तर मी याच माणसाकडे बोट दाखवलं असतं. मला कसली रुखरुख नाही. चित्रातल्या माणसाचं पुढे काय झालं याचा विचार करण्याचं माझं वय नाही, आणि वेळही नाही. सुमनची तयारी आहे, गुडघा आहे. लाल खंड फळीवर छान दिसतात. संध्याकाळी मी बाकावर बसून ते वाचून दाखवते, आणि जिथे डोकी कापली गेली आहेत तिथे बोलणं माझ्या मनाने घालते. लोक म्हणतात, सितारामभाऊंपेक्षा माझा भैरू जास्त तोंडाळ आहे.

कुसुमबाईंना आणि पोरांना आठवण सांगा. सुमनचा तुम्हा दोघांना जय भीम.

तुमची वहिनी,
मालनबाई

ता. क. सुमनला औरंगाबादला पोचवायला तुम्ही या. मी गेले तर रडेन, आणि ती परत येईल.

आणखी ता. क. जिंतूरला एसटी स्टँडपाशी रद्दीची दुकानं आहेत असं तुम्ही मागे बोलला होता. जाता येता जरा बघाल का? त्या साली ते मासिक तुमच्याकडेही विकायला येत असे. मला फक्त एकच अंक हवा आहे, भैरूची नळी कापली त्याच्या पुढचा. फाटका चालेल, मुखपृष्ठ नसलं तरी चालेल, भज्यांच्या तेलाचा डाग असला तर उत्तम, निदान कुणी जपून ठेवायला मागणार नाही. हे पत्र लिहायला बसले ते खरं म्हणजे यासाठीच.

शेवटचं ता. क. मिळाला तर आधी तुम्ही वाचा. भैरू वर आला असेल तर पहिल्या एसटीने पाठवा. बुडाला असेल, तर अंक मिळाला नाही असं कळवा. मी आणखी शोधा म्हणून पत्र टाकीन. तेव्हाही तेच कळवा.