विश्वनाथची चिठ्ठी

नागपूर, ९ जानेवारी १९५८

प्रिय गिरिधर,

'पुष्पलताच्या छातीचा एक्स-रे फोटो ताबडतोब काढ,' अशी तार सकाळीच केली आहे. तारेत कारण लिहायची हिंमत झाली नाही. ते इथे लिहितो.

इथलं सचिवालय उठलं, तुझी मुंबईला बदली झाली, तेव्हा स्टेशनवर तू तुझं आवडतं इंग्रजी वाक्य ऐकवलंस. 'एनी फ्रेंड ऑफ युवर्स इज अ फ्रेंड ऑफ माइन.' तुझा मित्र तो माझाही मित्र, कुणालाही बिनदिक्कत पाठव. आपले साहेब हे वाक्य चहासोबत बोलायचे आणि कप ठेवेपर्यंत विसरायचे. तू मात्र शब्दाला जागणारा वेडा. त्याच वेडाचा मी फायदा घेतला.

विश्वनाथ माझा मित्र नाही. उमरेडचा विणकर, माग बंद पडल्यावर आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आला. पावसाळ्यात त्याच्या थुंकीत रक्त दिसलं. डॉक्टरांनी क्षय सांगितला. माझी तीन लेकरं त्याच अंगणात खेळायची. हाकलावं तर पाप, ठेवावं तर धास्ती. त्याला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जायचंच होतं, म्हणून तुझ्या नावाने चिठ्ठी दिली. 'हा माझा जुना मित्र, काम मिळेपर्यंत सांभाळ.' खाली तुझं ते वाक्य. चिठ्ठी मुद्दाम इंग्रजीत लिहिली. त्याला इंग्रजी वाचता येत नाही.

दिवाळीला तू लिहिलंस, हा तुझा मित्र भारी संकोची, आठ दिवस दाराबाहेरच जेवायला बसायचा, शेवटी हात धरून आत आणला. आता आमची छोटी पुष्पा त्याच्याच कुशीत झोपते. मी ते वाचलं आणि गप्प बसलो. माझी पोरं वाचली ना! इतका नीच झालो होतो मी.

काल तुझं पत्र आलं. पोरीला महिनाभर संध्याकाळी ताप, खोकला, अन्न जात नाही. वैद्याचा काढा बंद कर, गिरिधर. तुम्हा नवराबायकोचाही फोटो काढून घ्या. आता सुयांनी हा रोग बरा होतो म्हणतात. खर्च मी पाठवतो. मला शिव्या दे, तोंड बघू नकोस.

पण विश्वनाथवर हात उगारू नकोस. निघताना चिठ्ठी कपाळाला लावून त्याने विचारलं होतं, "मले क्षय आहे हे लिहून देलं ना जी?" मी हो म्हणालो. सगळं ठाऊक असूनही तू त्याला घरात घेतलंस, असंच तो आजही समजतो आहे.

तुझाच लिहायची लाज वाटणारा,
केशव