तीनदा ‘क्या?’

शिवाजी नगर, भोपाळ
११ फेब्रुवारी २०२५

चि. रेवतीस आशीर्वाद.

समीरचं रक्त तपासायला हवं आहे, म्हणून लिहिते आहे. आमचे फोन तू उचलत नाहीस. सहा वर्षांपूर्वी निनादपासून घटस्फोट घेऊन तू समीरला उज्जैनला नेलंस, जुई इथे बापाकडे राहिली. त्या जुईला रक्ताचा कर्करोग झाला आहे. सख्ख्या भावाची अस्थिमज्जा जुळण्याची शक्यता जास्त, असं डॉक्टर म्हणतात. वेळ थोडा आहे.

निनादची प्रकृती ठीक. रजा टाकून दवाखान्यातच असतो.

सुरुवात कानापासून झाली. एका सकाळी जुई उठली ती डाव्या कानानं ठार बहिरी. तिनं कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, चौदाव्या वर्षाची मिजास.

हे अर्धंच झालं.

घरात हिंदी बोलायचं नाही, हा माझा नियम. त्यापायी तुलाही एकदा तासभर दाराबाहेर उभं केलं होतं. त्या दिवशी जुईला ताटं घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, "क्या?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. तिसऱ्या ‘क्या’ला मी कानाखाली मारली. ती चौकटीवर आपटली. केस धरून उठवली आणि दुसरी मारली. नाकातून रक्त आलं. मी डावा हात उचलला, तेव्हा ती स्वच्छ मराठीत म्हणाली,

"आजी, उजव्या कानावर नको. ऐकू येणारा तेवढाच उरलाय."

रक्त पाऊण तास थांबेना. गालावर माझी चार बोटं आठवडाभर काळीनिळी होती. कानाच्या डॉक्टरांनी ती पाहून रक्त तपासायला लावलं. आजार माराआधीचाच, असं ते म्हणाले. मी निनादला सांगितलं होतं, घसरून पडली. जुईनंही तेच सांगितलं. काल त्याला खरं सांगितलं. तो फक्त म्हणाला, "तू इथून जा."

समीरला माझ्या सावलीत उभं करणार नाही, असं तू कोर्टात म्हणाली होतीस. बरोबर म्हणालीस. मी आज कोटऱ्याला बहिणीकडे, उषाकडे जाते आहे. तुम्ही इथे असाल तोवर फिरकणार नाही. समीरला घेऊन ये.

जुईला मारणारी,
वसुधा

शेजारचा गिरीश उज्जैनला येतो आहे. त्याच्या हाती दिलं: तपासणीच्या कागदांच्या प्रती. घराची माझ्याकडची किल्ली. जुईला कधी, कसं मारलं ते लिहून सही केलेला एक कागद. पोलिसांत द्यायचा की कसं, ते तू ठरव.