मुशीच्या पोटातल्या तारल्या

सर, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. त्या दिवशी मी वर्तकनगरला आलेलो, तुमच्या बिल्डिंगखाली सगळ्यात मागे उभा होतो. हात जोडले, पण मनात दुःख नव्हतं. आता मला उत्तर कोण देणार, एवढंच मनात होतं. माझं म्हणणं न ऐकता तुम्ही निघून गेलात याचा राग आलेला, आणि तो अजून उतरलेला नाही. म्हणून लिहितोय. टिटवाळ्याच्या नव्या घरात तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी टेबल टाकलंय. सकाळचे अकरा वाजलेत. समोर माझी कच्ची वही आहे, तुम्ही दिलेलं भिंग आहे आणि तुमच्या घरच्या बाईंनी दिलेल्या होमिओपॅथीच्या काचेच्या बाटल्या आहेत, बुचासकट. पुरावा समोर ठेवून बोलायचं हे तुम्हीच शिकवलंत, तेव्हा आता ऐकून घ्या.

तुम्ही ठाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्रोफेसर आणि मी तुमच्या प्रयोगशाळेतला अटेंडंट, दहावी नापास, डोंबिवलीकडच्या खाडीकाठच्या गावातला, बाप मिठागरावर राबलेला. दर शुक्रवारी मी मार्केटला जायचो आणि शिकारी माशांची पोटं घेऊन यायचो. मुशी, म्हणजे तुमची पुस्तकातली शार्क, सुरमई, कुपा, वाम, जो दुसऱ्या माशांना खातो तो आपला. कोळीण मला लांबूनच बघायची आणि शेजारणीला सांगायची, "आला बग डाक्टर. लोकं मासं नेतात, यो पोटं नेतो. बायको जेवाया घालते का नाय रं तुला?" सगळ्या हसायच्या. मी पण हसायचो. पोटाची पिशवी दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायची, फॉर्मलिनच्या बरणीत टाकायची, कॉलेजात आणून उघडायची, चहाच्या गाळणीवर धुवायची आणि जे उरेल ते मोजायचं. मांस विरघळतं, पण माशाच्या कानातले खडे उरतात, डोक्याच्या दोन बाजूंना दोन. प्रत्येक जातीच्या खड्याचा आकार वेगळा. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "हे बघ, होडी जाते जिथे भाव मिळेल ते मासे असतात तिथे. मुशी जाते जिथे खाणं आहे तिथे. समुद्रात काय चाललंय ते मुशीला विचारायचं, खलाशाला नाही." हे वाक्य तुमचं आहे, नाकारत नाही. माझी तक्रार एवढीच, की मुशीने सांगितलं आणि ऐकायची वेळ आली तेव्हा तुम्ही कान बंद केलेत.

कच्ची वही मी लिहायचो, पक्की तुम्ही. शनिवारी तुम्ही लाल पेन्सिल घेऊन बसायचात आणि माझ्या वहीतली एकेक ओळ तपासून पक्क्या वहीत उतरवायचात. बोंबील, मांदेली, जवळा, ढोमा, वाकटी, सगळं बिनबोभाट उतरायचं. तारली आली की पेन्सिल थांबायची. तारली, म्हणजे सार्डिन, दक्षिणेची, केरळ-कर्नाटकच्या पाण्यातली, आपल्याकडे चुकूनमाकून, असं तुमच्या पुस्तकात होतं. पुढे मी ते पुस्तक डिक्शनरी घेऊन पानोपान वाचलं, तेव्हा मला माहीत आहे. तुम्ही ओळीवर रेघ ओढायचात आणि समासात लिहायचात, "ओळख चुकली." एकूण एकवीस ओळींवर रेघ आहे, सर. आज सकाळी परत मोजल्या.

मी गप्प बसलो नाही, हे तुमच्याही लक्षात असेल. पाचव्या की सहाव्या रेघेनंतर मी तोवर जपलेले तारलीचे खडे काचेवर मांडून तुमच्यासमोर ठेवले. म्हटलं, "सर, हे बघा ना, पुढे चोचीसारखं टोक आहे, मांदेलीच्या खड्याला असं नसतं." प्रॅक्टिकल चालू होतं, पंधरावीस पोरं-पोरी होत्या. तुम्ही काचेकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "तू बरण्या धू. मासे ओळखायचं काम माझं आहे." एक पोरगी फिस्सकन हसली. मी बरण्या धुतल्या. त्या दिवशी इतक्या स्वच्छ धुतल्या की आजवर तशा कुणी धुतल्या नसतील. पण काचेवरचे खडे फेकले नाहीत, सर, रेघेगणिक कागदाच्या पुड्यांत बांधून खिशात घातले.

तुमच्या घरी पोटाच्या वह्या पोचवायला यायचो तेव्हा बाई मला स्वयंपाकघराच्या दारात स्टूल द्यायच्या. चहा वेगळ्या कपात, कप खिडकीत वेगळा ठेवलेला. वासामुळे असेल, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. खोटं कशाला, लावून घेतलं. पण बाईंनी एकदा विचारलं, "खिशात काय वाजतंय रे?" मी पुड्या दाखवल्या. गुडघ्यांसाठी साबुदाण्याच्या गोळ्या घ्यायच्या ना त्या, फडताळातून रिकाम्या बाटल्या काढून धुवून माझ्या हातात ठेवल्या. "यात ठेव. कागदात चुरा होईल." तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतात. तुमच्याच घरातल्या बाटल्यांत तुमच्याविरुद्धचा पुरावा जमत होता, आणि तुम्हाला पत्ता नव्हता. याचं मला इतकी वर्षं फार बरं वाटत आलंय.

पक्क्या वहीवरून तुम्ही निबंध छापलात. आपल्या किनाऱ्यावरच्या शिकारी माशांच्या खाण्यात तारली आढळली नाही, असं त्यात छापलंय. मी बघितली, सर. मी हाताने मोजली. रिटायर झालात त्या दिवशी मला भिंग दिलंत, पितळी मुठीचं, आणि पाठीवर हात ठेवलात. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. तुम्ही म्हणालात, "जप, हरवू नको." त्यानंतर मी काय केलं ते सांगतो. तुम्ही कॉलेज सोडलंत, तिथलं पोटं आणायचं काम बंद झालं, तरी मी मार्केटला जायचं सोडलं नाही. कोळीण थकली, तिची सून बसायला लागली, तीही पोटं ठेवायची. बोंबील कमी होत गेला, तारल्या वाढत गेल्या. पावसाआधीच्या महिन्यात मिळायचं ते पावसानंतर मिळायला लागलं. मुशीचं काळीज, म्हणजे यकृत, हातात घेतलं की कळतं तिला पोटभर मिळतंय की नाही. काही वर्षं ते इतकं हलकं लागायचं की मी दोनदा तोलायचो. पाणी तापलं की बारीक मासा सरकतो, उत्तरेला किंवा खोलात, आणि मोठ्याला त्याच्यामागे जावं लागतं, नाहीतर उपाशी राहावं लागतं. हे मी कुठल्या वर्गात शिकलो नाही. तुमच्याच भिंगातून शिकलो.

आता मुद्द्यावर येतो. दोन महिन्यांपूर्वी डोंबिवलीची एक पोरगी मला शोधत घरी आली. डॉक्टरेट करतेय. शिकारी मासे काय खातात त्यावरून समुद्र आणि हवामान कसं बदललंय, हाच तिचा विषय. तिने सांगितलं की बाहेरच्या देशांत शार्कच्या परावर, सीलच्या पाठीवर यंत्र बसवतात. ते जनावर पोहत जातं आणि पाण्याचं तापमान कळवत राहतं. ती म्हणाली, "आजचं सगळं मिळतं, काका. पण तेव्हाचं पोट कुणाकडे आहे? कॉलेजातली पक्की वही बघितली, त्यात तारलीच नाही." मी कच्ची वही तिच्यासमोर उघडली. लाल रेघा दाखवल्या, बाटल्या दाखवल्या. पोरगी जमिनीवर मांडी घालून बसली ती दोन तास उठली नाही. मग पुढच्या खेपेला मायक्रोस्कोप घेऊन आली आणि एकेक बाटली तपासली. तारली, तारली, तारली. प्रत्येक वेळी ती "बरोबर" म्हणायची आणि मला तुमचा चेहरा दिसायचा. शेवटी तिने विचारलं, "सरांचं काय लिहू? नोंदी वगळल्या गेल्या, एवढंच लिहू का?" मी म्हटलं, "वगळल्या गेल्या नाहीत, वगळल्या. कुणी ते नावानिशी लिही." आणि बघणारा म्हणून माझं नाव. सतरा वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या घरात, माझ्या टेबलावर झालं. त्या रात्री जेवण छान गेलं.

मग परवा तिचा फोन आला. "काका, रेघा एकवीस आहेत, बाटल्या वीस. पहिल्या रेघेची बाटली सापडत नाहीये. आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची आहे, पहिली नोंद ना ती, तिच्यापासूनच सुरुवात करणार आहे मी." मी म्हटलं, "घर बदलताना फुटली असेल." ती म्हणाली, "बरं, तसं लिहिते."

सर, त्या पहिल्या रेघेचा शुक्रवार नवरात्रातला होता. मी बायकोला घेऊन टेंभी नाक्यावर देवीला गेलेलो, रांग हलेना, मार्केटला पोचायला दुपार झाली. कोळीण टोपली धूत होती. नवरात्रात गिऱ्हाईक कमी, एकच मुशी आलेली, ती कापून विकूनही झालेली. म्हणाली, "उशीर केलास रं डाक्टर. पोट टाकलं मी. निसत्या तारल्या होत्या, पोट फुगलं होतं त्यान." किती, विचारलं, तर म्हणाली, "मी काय मोजत बसू?" तुमचा नियम होता, शुक्रवारचा खाडा नको. मी वहीत लिहिलं, मुशी एक, तारली सात, डोकी सात, शेपट्या सात. शनिवारी तुम्ही पेन्सिल थांबवलीत. तुम्ही मला पहिल्यांदाच विचारलंत, "हे पोट तू स्वतः उघडलंस?" मी म्हटलं, "हो सर." मग रेघ मारलीत. समासात मात्र त्या ओळीसमोर काही लिहिलं नाहीत, हे माझ्या परवा ध्यानात आलं. "ओळख चुकली" हे बाकीच्या वीस ओळींसमोर आहे.

तुम्हाला कसं कळलं तेही आता मला कळतं, शेकडो पोटं उघडून झाल्यावर. पोटातल्या अर्धवट पचलेल्या माशांची डोकी आणि शेपट्या कधी सारख्या भरत नाहीत. माझ्या अख्ख्या वहीत ती एकच ओळ सारखी आहे. कोळीण खोटं बोलली नसणार, त्या मुशीने तारल्या खाल्ल्याच असणार. पण मी त्या बघितल्या नव्हत्या. त्यानंतरच्या वीस मी बघितलेल्या, आणि त्या पुसायचा हक्क तुम्हाला नव्हता. खडे समोर मांडलेले असताना मान वळवलीत, त्याची माफी मी देणार नाही, आजही नाही. पोरीने ते नावानिशीच लिहायचंय. पण त्या शनिवारनंतर माझ्या तारल्यांवर तुमचा विश्वास का बसला नसेल, हा प्रश्न मी इतकी वर्षं स्वतःला विचारलाच नाही.

आत्ता त्या पहिल्या ओळीसमोर, तुम्ही कोरा सोडलेल्या समासात, मी निळ्या पेनाने लिहिलंय, "स्वतः पाहिलं नाही." खाली सही केलीय. उद्या पोरगी बाटल्या न्यायला येणार आहे. बाटली फुटली नव्हती, ती कधी भरलीच नव्हती, हे तिला सांगायचंय. मग तिची सुरुवात बदलेल आणि माझ्या वहीकडे ती पुन्हा एकदा, जरा वेगळ्या नजरेने बघेल. बघू दे. हा कागद माझ्याकडेच राहील, तिला देणार नाही. तिच्या आधी तुम्हाला सांगितलं, कारण आधी विचारलं होतंत ते तुम्ही.