डांबराचं पिंप

२ जाने., मलकापूर
भाग अकरा लिहून पाठवला. मुंबईहून स्टुडिओतल्या सावंतचा फोन, नुसता खिदळत होता. "सर, व्हिलन हिरोला बघून म्हणतो ते 'आलं रं आलं, डांबराचं पिंप आलं!' लय चाललंय. आता दर भागात एकदा टाकाच." टाकतो म्हणालो. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. वीस वर्षं एकांकिका लिहिल्या, कुणी कुत्रं विचारत नव्हतं. आता इंग्रजी कार्टूनचं मराठी करतोय, तर कराड स्टँडवर पोरं माझं वाक्य ओरडतात.

५ जाने.
लेक कार्टूनच्या हिरोवर, टेंभावर फिदा. मूळ नाव तेंबा. त्याच्या हातातनं उजेड निघतो, म्हणून मी मराठीत टेंभा केला. काळाकुळकुळीत, उंच, कुरळ्या केसांचा हिरो. पहिल्या भागाला मुक्ता टीव्हीला नाक लावून ओरडलेली, "पप्पा, ह्यो माझ्यासारखा हाय!" चार दिवस घरभर हात पसरून उडत होती.
आज टीव्ही लावला तर उठून गेली. पोट दुखतंय म्हणे.

८ जाने.
शाळेतनं बाईंचा फोन आला, बायकोनं, सुजातानं घेतला. मुक्ता व्हॅनमध्ये चढली की पोरं ओरडतात. "काय ओरडतात?" मी विचारलं. सु.नं बंद टीव्हीकडं बोट दाखवलं.
वर कुणाला तरी कळलंय की वाक्य तिच्या बापाचं. मीच तर व्हॅनवाल्याला कौतुकानं सांगितलेलं.

९ जाने.
सावंतला फोन. ते वाक्य काढा म्हटलं.
"आवं सर, तेच तर चालतंय! आणि तो काळाच हाय की मुळात."
आहे ना. काळा आहे आणि हिरो आहे, सगळ्या शहराला तोच वाचवतो, मग हसायचं कशाला? हे त्याला सुनवायला पाहिजे होतं. फोन ठेवल्यावर सुचलं. माझं कायमचंच, वरातीमागून घोडं.

१४ जाने., संक्रांत
सु.नं काळा फ्रॉक आणलेला, पांढऱ्या चांदण्यांचा. मुक्तानं घडीसुद्धा मोडली नाही. "काळ्यावर काळं कशाला?"
दहा वर्षांची पोर!
सु. भाकरी थापता थापता रडली. मला म्हणाली, "तुमी थोडे दिवस तिच्यासमोर येऊ नका." दोन खोल्यांच्या घरात मी जाऊ कुठं? दिवसभर गच्चीवर बसलो. तिळगूळ तसाच खिशात.

१८ जाने., सांगली
दोघी परवाच इकडं आल्या, सु.च्या माहेरी. शाळा बुडतेय तर बुडू दे, सु. म्हणाली. मी आज एसटीनं आलो.
मुक्ता मागच्या दारी मोरीवर. वाटीत साय आणि डाळीचं पीठ. कोपरापासनं मनगटापर्यंत घासत होती, घासत होती. कातडी लाल झालेली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "आवं जावईबापू, सकाळधरनं तिसऱ्यांदा लावतीया. नगं म्हटलं तरी ऐकना."
मी वाटी काढून घेतली. ती म्हणाली, "द्या." एवढंच. पप्पा म्हणाली नाही.
मी वाटी दिली परत. काय करणार होतो?

२० जाने., मलकापूर
सावंतला कळवून टाकलं, पुढचं लिहीत नाही. वाटलं गयावया करेल. तो म्हणाला, "चालंल सर. दुसरा लेखक बघतो. वाक्य मात्र राहणार, ते आता सीरियलचं झालंय."
म्हणजे मी नसलो तरी ते ओरडणारच. संध्याकाळी शेजारच्या गॅलरीत बारकं पोरगं ओरडलं. सूर अगदी बरोबर, जसा मी सावंतला करून दाखवलेला तसाच.

२३ जाने., सांगली
मुक्ता आज आपणहून जवळ आली. मला इतका आनंद झाला की हसायला येईना. हातात सु.चा मोबाइल. इंग्रजी तेंबा शोधून काढलेला तिनं. व्हिलन दार फोडून आत येतो, तिथं थांबवलं. मागं घेतलं, पुन्हा लावलं.
"पप्पा, हितं तो नुसतं नाव घेतो. तेंबा. बास."
"व्हय."
"मग डांबर तुमाला कुठनं सुचलं?"
असंच सुचलं, म्हणालो. लिहिताना येतं डोक्यात.
खोटं. ती जन्मली तेव्हा इथल्याच दवाखान्यात सिस्टरनं तिला दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी सासूबाईंना म्हणालो, "हे काय ओ, डांबराचं पिंप आणलं की तुमच्या लेकीनं!" सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. सु. खाटेवर पडून ऐकत होती.
आजही सु. उंबऱ्यातनं ऐकत होती.
मुक्ता म्हणाली, "नीट आठवा आणि सांगा."
उद्या सकाळच्या गाडीनं तिघं घरी निघतोय. कराडपर्यंत ती माझ्याच शेजारी बसणार म्हणालीय.