बुडख्याकडचा माणूस

अब्बासिया, कुवैत

प्रिय गफूर,

सलाम. एक दिवसाआड आपण फोनवर बोलतो, तरी हे पत्र कशाला, असं तू शरीफाभाभीला नक्की विचारशील. अरे, फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? मी 'ऐक तरी' म्हणेपर्यंत तुझं 'अबू फैसलशी बोललास काय?' सुरू होतं. तर बोललो. कालच बोललो. तुला गावी जाऊन सहा महिने भरत आले. त्याच्या आत तू परतला नाहीस तर व्हिसा संपणार आणि वखारीतली तुझी जागाही जाणार, हे मालकाला ठाऊक आहे, तुला आहे आणि मलाही आहे. मी त्याला काय सांगितलं ते शेवटी लिहितो. आधी शेवटचं पान उघडू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे.

वखारीत यंदाचा ओक आला. जाडजूड आहे आणि आतून ओला. कापला की तोच आंबूस वास, आणि पाचर मारताना हाताला तेच निळंकाळं लागतं. नमाजाआधी वजूला हातपाय धुवायला बसलं की पाणी संपतं, काळं काही जात नाही. थंडी पडली, वाळवंटात तंबू लागायला लागलेत आणि शेकोट्यांना लाकूड हवं, त्यामुळे गिऱ्हाइकांची रीघ आहे. मागच्या शेडपर्यंत फोर्कलिफ्ट अजूनही जात नाही, तेव्हा ओंडका दोघांनी खांद्यावर घेऊन मशीनपर्यंत न्यायचा, तुकडे पाडायचे, फोडायचे आणि थप्पी लावायची, सगळं तसंच चाललंय. फक्त थप्पी बघायला तू नाहीस. परवा मी लावलेली थप्पी एका बाजूला कलली तेव्हा तुझाच आवाज कानात आला, की ही थप्पी आहे की लग्नघराबाहेरच्या चपला? पाडली आणि पुन्हा लावली, साल वर, टोकं आडवी, मधून वारा जाईल अशी.

तुझ्या जागी तात्पुरता मुझफ्फर आलाय. श्रीवर्धनकडचा आहे, माणूस चांगला, कामालाही चलाख. पहिल्या दिवशी ओंडका उचलायची वेळ आली तशी तो सरळ शेंड्याकडे, हलक्या टोकाला गेला आणि माझी वाट बघत उभा राहिला. मी बुडख्याच्या जाड टोकाकडे वाकलो, खांद्यावर घेतला, आणि गफूर, दहा पावलांवर तो खाली ठेवावा लागला. इतकी वर्षं या वखारीत काढली, पण ओकचा बुडखा काय चीज आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. संध्याकाळी बसमध्ये वरची कडी धरायला हात उठेना. दुसऱ्या दिवशी मुझफ्फर आपणहून म्हणाला की आज शेंडा तुझा, एक दिवस तू, एक दिवस मी. सगळ्या वखारींत अशी पाळी असते म्हणे. आपल्यात कधी नव्हती, बुडखा कायम तुझाच.

तू मला काय सांगायचास आठवतं? शेंडा धरणारा पुढे चालतो, त्याला पायाखालचा रस्ता बघावा लागतो आणि तुझी नजर कच्ची आहे. "तू पुढं हो हारून, मला खड्डा दिसत नाय." मी भोळा, खरं धरून चाललो. वर तुझी काळजीही करायचो. एकदा मिरकाबला डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल म्हणून तुझ्या मागे लागलो होतो, तेव्हा तुझी काय तारांबळ उडाली. आता विचार करतो, रमजानचा चाँद गच्चीवर सगळ्यांच्या आधी कोणाला दिसायचा? तुलाच. शेडच्या पलीकडे वाळूत पडलेली पाचर कोण हेरायचा? तूच. बसमध्ये हे सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी एकटाच हसायला लागलो, शेजारचा सरकून बसला. मग हसू थांबलं आणि डोळे भरून आले.

अम्मी शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा मी दोन महिने सुट्टीवर गेलो होतो. तिला चालवत नव्हतं आणि खोलीत तिचा जीव घुसमटायचा. रोज सकाळी मी तिला दोन्ही हातांवर उचलून पडवीत आणायचो, उन्हं तापली की पुन्हा आत न्यायचो. माझ्या बरोबरीचे इथले लोक कमरेला पट्टे बांधून फिरतात, त्यांना पाण्याचा हंडा उचलवत नाही. मला मात्र माझी आई उचलता आली. ती म्हणायची, माझ्या हारूनच्या अंगात ताकद आहे. ती ताकद कुठून शिल्लक राहिली होती ते आता कळलं. तुझे फार उपकार आहेत, गफूर. तोंडावर म्हटलं असतं तर तू विषय बदलला असतास, म्हणून कागदावर म्हणतो.

आता भाभीवर रागावू नकोस. तिने माझ्या बायकोला सांगितलं आणि असमाने मला. नमाजला उभा राहिलास की तुझा उजवा हात कानापर्यंत जातो आणि डावा छातीशीच थांबतो. डॉक्टरने खांद्याची शीर फाटलीय म्हणून सांगितलं आणि तू तो कागद कपाटात टाकलास. मला फोनवर सांगतोस, तांदळाची गोण माळ्यावर चढवली. ती तुझ्या पोराने, हमजाने चढवली, तेही कळलं.

काल अबू फैसल चहाचा पेला घेऊन थप्पीपाशी आला आणि गफूर कधी येतोय म्हणून विचारलं. तू मला पढवून ठेवलं होतंस, सांग एकदम फिट आहे. मी म्हटलं, "बाबा, गफूर नहीं आएगा." खांद्याचं सगळं खरं सांगितलं. त्याने पेला थप्पीवर ठेवला. मग म्हणाला, येऊ दे, हलकं काम देतो, गिऱ्हाइकं बघेल. त्यालाही मी नको म्हटलं. मी तुला ओळखतो रे. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकं बघशील आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तरी जड जातंय म्हणून ओंडक्याखाली खांदा घालशील. तुला न विचारता तुझी इथली रोजी मी तोडली. माझाही जोडीदार गेला, तसा दुसरा मिळायचा नाही. पण भाभीचा भाऊ त्याच्या चिपळूणच्या वखारीत हिशेबाला बस म्हणून तुला कधीचा बोलावतोय आणि तू त्याला बसून खाणं म्हणतोस. जा तिथे. खांद्याचं ऑपरेशन करून घे. येत्या ईदला मी घरी येतोय, तेव्हा गळाभेट दोन्ही हातांनी हवी. हे वाचून तू फोन करशील आणि मला शिव्या देशील. पोटभर दे, पण घरी बसून दे.

तुझाच,
हारून