ओसरीतलं इंजिन

अहो,

पत्र लिहायला बसले आहे, हसू नका. सातवी पास आहे मी, आणि तुमच्या गॅरेजची पाटीही मीच रंगवून दिली होती. तुम्हाला जाऊन चौदा महिने झाले. इतके दिवस काही लिहावंसं वाटलं नाही, खरं सांगायचं तर दमले होते. पण मागच्या महिन्यात तुमच्या इंजिनाला गिऱ्हाईक आलं, आणि पुढे जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला धुळे सोडता येत नाहीये.

हो, धुळे सोडतेय. मालकाला हे घर पाडून नवं बांधायचंय. सुनंदा म्हणाली, "आई, आता पुरे झालं, जळगावला चल." लेकीच्या घरी राहायला जायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं? पण ते दोघांचं ठरलं होतं. एकटीचं कुठे काय ठरलं होतं!

सामान दोन दिवसांत बांधून झालं. चार भांडी, दोन पेट्या. उरलं ते ओसरीतलं इंजिन.

किती वर्षं झाली हो त्याला? सुनंदा रांगत होती तेव्हा आलं, आता तिच्या मुलीचं लग्न ठरवतायत. धरणगावच्या जिनिंगवाल्या शेठजींच्या इंपालाचं ते, आठ सिलिंडरचं. ती गाडी आग्रा रोडला लागली की तुम्ही भरल्या ताटावरून उठायचा. रस्त्यावर येईपर्यंत मला काही ऐकूसुद्धा यायचं नाही, आणि तुम्ही म्हणायचा, "उनी!" आणि खरंच ती आलेली असायची. माझ्या पावलांचा आवाज कधी असा ओळखलात?

पेट्रोल एवढं प्यायची की शेवटी शेठजीच कंटाळले. "मिस्त्री, हे काढा आणि डिझेलचं बसवा," म्हणाले. तुम्ही बसवलंत. त्या संध्याकाळी घरी आलात तर डोळे लालभडक. दोंडाईचाच्या मिरचीवाल्या व्यापाऱ्याची डॉज दुरुस्त करून आलात की तुमचे डोळे असेच व्हायचे, तिच्या डिकीत कायम मिरच्यांची पोती असायची. म्हणून मी सहज विचारलं, "आज डॉज आली होती का?"

"नही," तुम्ही म्हणालात. "आज मी वाघनं काळीज काढं."

आणि जेवला नाहीत. मला तेव्हा राग आला होता. लोखंडासाठी कोण उपाशी राहतं!

तिसऱ्या दिवशी चार माणसांनी ते हातगाडीवरून आणलं. गॅरेजचं छप्पर गळतं म्हणे. मग माझ्या पहिल्या दिवाळीचं हिरवं पातळ पेटीतून काढून त्याला गुंडाळलंत, मला न विचारता! दोन दिवस बोलले नव्हते मी, आठवतंय? "गाडीम्हा परत बसाडसू, तोपावत ऱ्हाऊ दे," असं म्हणून मोकळे झालात. ते "तोपावत" आजपर्यंत संपलं नाही.

मग मीही त्याला कामाला लावलं. उन्हाळ्यात त्यावर परात ठेवून ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे वाळवले. सुनंदानं त्यावर बसून, "नाना, ऐका!" म्हणत तुमच्यापुढे पाढे पाठ केले. कुणी पाहुण्यानं विचारलं, हे काय आहे, तर मी सांगायचे, ही माझी सवत. तुम्ही हसायचा, पण दर महिन्याच्या एक तारखेला अंघोळ करून त्याच्यापुढे बसायचाच. आठही प्लग काढायचे, भोकाभोकात चमचा चमचा तेल सोडायचं, पाना लावून, पान्याला पाइप लावून ते हातानं एक वेळ पूर्ण फिरवायचं. देवाला फूल वाहायला कधी एवढ्या वेळेवर बसला नाहीत तुम्ही.

तुमच्या बाकीच्या गाड्यांचंही सांगते. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारत बसायचात ना, अमकी कुठेय, तमकी चालते का? मिरचीवाल्याची डॉज स्टेशनामागे चहावाल्याकडे होती. वरचा पत्रा कापून त्याची शेगडीला आडोशाची भिंत झाली, मागची सीट गिऱ्हाइकांना बसायला. आता चहावालाही नाही आणि सीटही नाही. फैजपूरच्या केळीवाल्याची काळी कॉन्टेसा अजून आहे, शेतात उभी. केळीच्या चिकाचे सीटवरचे डाग पाहून तुम्ही त्या माणसाला किती बोलला होतात! आता तिच्यात ठिबकच्या नळ्या ठेवतात आणि कोंबड्या अंडी घालतात. सुनंदा तिकडे लग्नाला गेली होती, तिनं पाहिली. तुम्ही असता तर हे तुम्हाला सांगितलं नसतं.

आता खरं ते सांगते. दवाखान्यात शेवटच्या दिवशी माझा हात धरून तुम्ही काय म्हणालात? "तेले महिनाम्हा एकडाव फिराव बरं. नहीतं जाम हुई जाई." बस्स. तू कशी राहशील नाही, कुठे राहशील नाही. मी हो म्हटलं. आणि घरी येऊन पुढच्या तेरा महिन्यांत एकदाही पान्याला हात लावला नाही.

विसरले नव्हते. प्रत्येक एक तारखेला आठवायचं, आणि मी मुद्दाम कणीक मळत बसायचे.

तर गिऱ्हाईक आलं ते शेठजींचा नातू. चांगला मुलगा आहे, पाया पडला. आजोबांच्या इंपालाचं इंजिन इथे आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं. मला वाटलं, गाडी सापडली! तुमचं "तोपावत" संपलं! इंजिनावरचं पातळ सोडायला उठलेसुद्धा. विचारलं, "गाडी कुठे आहे, बाळा?"

"गाडी? ती तर केव्हाच कापली, आजी. मधे वरातीला भाड्यानं फिरायची, मग कुणी घेईना. फक्त स्टिअरिंग राहिलंय, ते भिंतीवर लावलंय."

"मग इंजिन कशाला हवंय?"

"टीपॉय करायचाय. वर काच टाकायची. हल्ली फार छान दिसतं ते."

मला हसूच आलं. अरे, इतकी वर्षं मी दुसरं काय केलं त्याचं? मग तो म्हणाला, "आणि जाम असलं तरी चालेल हां, आजी. फिरवायचं कुठेय आपल्याला!"

त्या एका वाक्यानं माझं हसू गेलं. त्याला म्हटलं, महिन्यानं ये. तो गेल्यावर पाना शोधला. तुम्ही ठेवायचात तिथेच होता, खिडकीच्या मागे. प्लग काढताना नखं तुटली. पाइप लावून सगळं अंग टाकलं त्यावर. हललं नाही. केसभरसुद्धा नाही.

अहो, मी रडले. तुम्ही गेलात तेव्हा लोकांत रडले होते, त्या दिवशी एकटीनं रडले. मला वाटलं, आता तुम्ही खरे गेलात, आणि या वेळी माझ्या हातानं.

मग तुम्हाला बघून बघून जे माहीत होतं ते केलं. भोकांमध्ये डिझेल आणि तेल मिसळून सोडलं, फडकी कोंबली. रोज सकाळी चहा झाला की पाना लावायचा, थोडं इकडे, थोडं तिकडे. माझे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत. डॉक्टर म्हणतात, रोज थोडं हलवा, नाहीतर धरतील. एकदा वाटलं, हे काम तुम्ही इंजिनासाठी सांगितलं होतंत की माझ्यासाठी? माझ्यासाठी असेल तर सरळ सांगायचं होतं ना! आयुष्यात एकदा तरी सरळ बोलायला काय झालं होतं?

बाराव्या दिवशी कच्चकन आवाज आला. हात घसरला असं वाटलं. पुन्हा रेटलं, तर पाना खाली गेला. मग अर्धा फेरा. मग धापा टाकत टाकत पूर्ण एक. "फिरलं हो!" असं मी घरात मोठ्यानं ओरडले, आणि मग घर रिकामं आहे ते आठवलं.

शेठजींच्या नातवाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. फिरणाऱ्या वस्तूवर काच कशी टाकू देऊ? तो म्हणाला, "पण आजी, ठेवणार कुठे?" त्याचंही बरोबर होतं. सुनंदाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर.

काल सुनंदाला विचारलं, "तुमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला गाडी लावायची जागा आहे ना?"

"आहे ना, आई. पण आपल्याकडे गाडी कुठेय? रिकामीच असते."

"मग जावयांना सांग, आपली गाडी येतेय."

तिनं विचारलं, "नानांची?" मी हो म्हटलं.

परवा टेम्पो येईल. मी ड्रायव्हरशेजारी, इंजिन मागे. गाडीत परत बसवायचं तुमच्यानं झालं नाही आणि माझ्यानं तर होणारच नाही, पण गाडीच्या जागेत उभं करते. आणि एक तारखेला, गुडघे धरले तरी, पार्किंगमध्ये पाट टाकून बसेन आणि एक फेरा पूर्ण करीन. लोक काय हसायचे ते हसू देत. हा शब्द मोडणार नाही.

तुमची,
कमल

ता. क. हिरवं पातळ सोडून दोन वेळा धुतलं. तेलाचे डाग गेले नाहीत. पुन्हा त्यालाच गुंडाळलंय.