गुरुवारच्या सत्तर खुर्च्या

तीर्थरूप दादांना धाकट्याचा वाकून नमस्कार.

पाकीट पाहूनच तुम्ही म्हणाला असाल, याला आज कशी आठवण झाली. आठवण रोजच होते, तिकीट मात्र आज सापडलं. गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? चिमी सासरी रुळली असेलच. आम्ही दोघं मजेत आहोत (हिची कंबर सोडून, पण कंबरेचा उल्लेख केलेला हिला चालत नाही).

विद्यापीठातलं छोटं सभागृह माझ्या ताब्यात आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी सहाला युरोपवर व्याख्यान असतं, कुणीही यावं आणि ऐकावं असं. कधी तिथलं राजकारण, कधी अर्थकारण, कधी नाटकं नि चित्रं. सुरुवातीला मी दाराशी पेंगत असे. मग एकदा हिला घेऊन गेलो आणि शेवटच्या रांगेत आमच्या दोन खुर्च्या ठरूनच गेल्या. पूर्वी आमचं बोलणं भाजी आणि विजेचं बिल यांच्यापलीकडे जात नसे. आता शुक्रवारी सकाळी चहा गार होईपर्यंत आम्ही परदेशातल्या आघाडी सरकारांवरून भांडतो. दादा, खरं सांगतो, लग्नानंतर इतकं सुख मला कशात वाटलं नव्हतं.

तर या सुखावर आमच्या नव्या कुलसचिवांची नजर गेली. (मागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणतात, समोर साहेब.) त्यांनी नोटीस काढली, की येत्या गुरुवारी पन्नास श्रोते नसतील तर व्याख्यानं बंद आणि सभागृहात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. आमचे श्रोते वीस-बावीस, त्यातले चार चहासाठी येतात. नऊ वर्षं हे चालवणाऱ्या प्राध्यापकबाईंचा चेहरा मला बघवेना. मी कंबर कसली. दातांच्या डॉक्टरांना गळ घातली, तर त्यांनी दवाखान्यात ताटकळत बसलेली माणसंच उठवून पाठवायचं कबूल केलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याला सांगितलं, तिकडच्या कपड्यांविषयी आहे (विषय सामायिक चलनाचा होता, पण माणूस एकदा आत आला की आला). हिने वाचनालयातल्या मैत्रिणी गोळा केल्या, शिवाय आठवडाभर खपून स्वतःचा एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून काढला. मला दाखवला नाही.

गुरुवारी बासष्ट माणसं आली. आता खुर्च्या मांडायची माझी एक पद्धत आहे. येतील त्यापेक्षा नेहमी थोड्या कमी मांडायच्या, म्हणजे वक्त्याला सभागृह भरलेलं दिसतं आणि तो खुलतो. त्याप्रमाणे मी तीस मांडल्या होत्या. बाकीची माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. साहेबही दाराशी उभेच. व्याख्यान असं रंगलं म्हणून सांगू! शिंपी कपड्यांची वाट बघून बघून शेवटी उठला आणि म्हणाला, "बाई, इतक्या देशांना एकच चलन म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच मापाचा शर्ट. कुणाला तरी काखेत टोचणारच की." बाई म्हणाल्या, मोठमोठे अर्थतज्ज्ञ याच मुद्द्यावर अजून भांडताहेत. शिंपी छाती फुगवून भिंतीला टेकला.

आणि मग साहेबांनी निकाल दिला: तीस. त्यांचीही एक पद्धत आहे. ते माणसं मोजत नाहीत, कारण माणसं हलतात. एकूण खुर्च्यांतून रिकाम्या वजा करतात. उभे असलेले सगळे येणारे-जाणारे, ते धरता येत नाहीत. बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "पण काय हो, या सभागृहाच्या खुर्च्या तर..." आणि तेवढ्यात ही उठली.

म्हणाली, "साहेब, तुम्ही तासभर कुठे बसला होतात?"

"बसतो कुठे, उभाच होतो."

"मग तुम्ही आलाच नाहीत. आणि जो आलाच नाही, त्याने मोजलं कसं?"

सगळं सभागृह हसलं. फूटपट्टी आधी लाल झाली, मग चक्क वाकली. साहेब म्हणाले, पुढच्या गुरुवारी पुन्हा मोजतो, पण सत्तरच्या सत्तर खुर्च्या मांडा आणि सगळ्यांना बसवा. शिंप्याचा मुद्दा त्यांनी खिशातल्या डायरीत टिपून घेतलेला मी पाहिला. एकंदरीत सगळं झकास आहे.

तुमचा,
धाकटा

ता. क. चिमीच्या लग्नाला म्हणून सभागृहातल्या चाळीस खुर्च्या मी तुमच्याकडे पाठवल्या होत्या, त्या अजून तुमच्याच गच्चीवर आहेत. वर लिहिलेली माझी पद्धत खरी आहे, पण त्या दिवशी ती पद्धत नव्हती, नाइलाज होता. बुधवारपर्यंत काहीही करून पाठवा.

पुन्हा ता. क. हिला यातलं काही ठाऊक नाही. उत्तर घरच्या पत्त्यावर नको.

भावजी, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याच हातात दिलं, तेही न चिकटवता. लग्नात तुमच्या मांडवात मी ज्या खुर्चीवर बसले होते, तिच्या पाठीवर विद्यापीठाचा शिक्का होता. साहेब त्याच खुर्च्यांचं विचारणार होते, म्हणून मी मध्येच उठले. खुर्च्यांच्या टेम्पोत तुम्ही आणि वहिनीही बसून या, दोन श्रोते वाढतील. माझा चलनाचा प्रश्न अजून चिठ्ठीतच आहे, तो मला येत्या गुरुवारी विचारायचाय.